कृत्रिम नोंदींची भाषा : ‘डीबीजेन’ या साधनाचे परीक्षण

१

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने संगणकाच्या एका साधनाचे परीक्षण करावयास घ्यावे, हे काही वाचकांस अनधिकार चर्चा वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या साधनाचे काम शब्दकोश व व्याकरण यांच्या साहाय्याने लक्षावधी वाक्ये निर्माण करणे हे आहे, ते आमच्या शास्त्राच्या कक्षेबाहेरचे म्हणता येणार नाही. ‘डीबीजेन’ हे असे साधन आहे. डेटाबेस-व्यवस्थांचा वेग मोजण्यासाठी जी कृत्रिम सामग्री लागते, ती हे साधन कमांड लाइनवरील एका ओळीच्या आज्ञेने तयार करून देते. त्याच्या यंत्रविद्येची चिकित्सा तज्ज्ञांनी पुष्कळ केली आहे. त्याने लिहिलेल्या मजकुराचे, एक मजकूर म्हणून, वाचन मात्र क्वचितच होते. ते येथे करावयाचे आहे.

या विषयाकडे वळण्यास एक निमित्त घडले. संगणकशास्त्राच्या काही विद्यार्थ्यांनी धान उत्पादकांच्या नोंदवहीचा एक नमुना-प्रकल्प केला होता. चाचणी त्यांनी डीबीजेनच्या सामग्रीवर घेतली, आणि सर्व प्रश्नांची उत्तरे झटपट आली. नंतर भंडारा जिल्ह्यातील गावांची व आडनावांची मराठी यादी तीत घातली, तेव्हा काही नावे रकान्यात मावेनात, काही शोधूनही सापडेनात आणि यादीचा क्रम मराठी वर्णमालेशी जुळेना. विद्यार्थ्यांनी दोष आपल्या आज्ञावलीत शोधला. तो तेथे थोडा होताही. परंतु मुख्य प्रश्न निराळा होता : ज्या परीक्षेत हे दोष दिसलेच नाहीत, ती परीक्षा कशाची होती?

२

प्रथम साधनाचा परिचय करून देणे अवश्य आहे. डेटाबेस-व्यवस्थांच्या तुलनेसाठी सर्वमान्य कसोट्या ठरविण्याच्या हेतूने १९८८ मध्ये ‘ट्रान्झॅक्शन प्रोसेसिंग परफॉर्मन्स कौन्सिल’ ही संस्था स्थापन झाली. तिने १९९९ मध्ये ‘टीपीसी-एच’ ही कसोटी जाहीर केली. तीत एका कल्पित व्यापारी पेढीची आठ टेबले आहेत : खंड, राष्ट्रे, पुरवठादार, ग्राहक, वस्तू, वस्तू-पुरवठा, मागण्या आणि मागण्यांतील बाबी. या टेबलांवर बावीस प्रश्न विचारले जातात व उत्तरास लागणारा वेळ मोजला जातो. टेबले भरण्याचे काम डीबीजेनचे.

त्याचा वापर सोपा आहे. आज्ञेत साधनाचे नाव आणि ‘-एस’ या खुणेपुढे एक आकडा लिहावयाचा. हा आकडा म्हणजे गुणक. गुणक १ दिला म्हणजे सुमारे एक गिगाबाइट सामग्री आठ फायलींत तयार होते : १,५०,००० ग्राहक, १०,००० पुरवठादार, २,००,००० वस्तू, १५,००,००० मागण्या आणि त्यांतील ६०,०१,२१५ बाबी. राष्ट्रे पंचवीस व खंड पाच. त्यांची संख्या गुणकाने बदलत नाही. रकान्यांमध्ये उभी रेघ असते. ओळीच्या शेवटीही एक जादा रेघ पडते, आणि ती काढल्यावाचून पोस्टग्रेस-क्यूएलसारखी व्यवस्था ती फाइल स्वीकारीत नाही, हा अनुभव नवशिक्यास पहिल्याच दिवशी येतो. मोठी सामग्री हवी असल्यास काम तुकड्यांत वाटून अनेक यंत्रांवर एकदम करता येते.

गुणक ८ दिल्यास ग्राहकांची संख्या बारा लक्ष होते. २०११ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १२,००,३३४ होती. म्हणजे एका ओळीच्या आज्ञेने जिल्ह्याएवढी वस्ती उभी राहते. ही वस्ती कशी आहे, ती कोणती भाषा बोलते, एवढेच आता पाहावयाचे.

३

या वस्तीतील पहिल्या ग्राहकाची नोंद घेऊ. त्याचे नाव ‘कस्टमर’ हा शब्द, एक चिन्ह आणि नऊ अंकी अनुक्रमांक एवढेच आहे. पत्त्याच्या जागी रोमन अक्षरांची एक निरर्थक मालिका असून मध्ये दोन स्वल्पविराम पडले आहेत. राष्ट्र मोरोक्को. दूरध्वनीचा आरंभ २५ ने होतो, कारण राष्ट्राच्या क्रमांकात दहा मिळवून देशाचा संकेतांक काढावयाचा असा नियम आहे. (त्या नियमाने भारताचा संकेतांक १८ येतो.) शेवटी शेऱ्याचा रकाना आहे. त्यातील मजकुराचे मराठीकरण साधारणतः असे होईल : समतल, नियमित प्लेटलेटांकडे, नियमित, उपरोधिक समाधिलेख कटकट करतात... आणि पुढील शब्दाचे पहिले अक्षर येते न येते तोच रकाना संपतो.

हे वाक्य अर्धवट का? कारण साधन प्रत्येक शेरा स्वतंत्रपणे लिहीत नाही. ते आरंभी तीनशे मेगाबाइटांचा एक अखंड मजकूर तयार करते, आणि मग प्रत्येक नोंदीसाठी त्यातून यदृच्छेने एक तुकडा कापून घेते. कात्री शब्दाची सीमा पाहत नाही.

मूळ मजकुराचे व्याकरण लहान, पण नेटके आहे. वाक्याचे पाच साचे, नामपदबंधाचे चार, क्रियापदबंधाचे चार. कोशात नामे, विशेषणे, क्रियापदे, क्रियाविशेषणे, शब्दयोगी अव्यये आणि साहाय्यक क्रियापदे यांच्या स्वतंत्र याद्या असून काही शब्दांना अधिक वजन दिले आहे. मागण्या, खाती, ठेवी, पुडकी हे व्यापारी शब्द वारंवार येतात. त्यांच्या मागोमाग कोल्हे, कल्पना, थिओडोलाइट, डॉल्फिन, रणाश्व, समाधिलेख आणि ग्रीक पुराणातील टायरीसियस हा द्रष्टादेखील येतो. कोल्हे लबाडीने झोपतात. थिओडोलाइट आवेशाने घासाघीस करतात. ज्याने ही यादी केली तो गृहस्थ विनोदी होता यात शंका नाही.

भाषाशास्त्राच्या वाचकास येथे एक ओळखीची चाहूल लागेल. नोम चॉम्स्की यांनी १९५७ च्या ‘सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स’ या ग्रंथात व्याकरणदृष्ट्या निर्दोष पण अर्थदृष्ट्या शून्य अशा एका वाक्याचे उदाहरण घेतले होते. त्यातील कल्पनावाचक नाम, झोपण्याचे क्रियापद आणि ‘आवेशाने’ या अर्थाचे क्रियाविशेषण हे तिन्ही शब्द डीबीजेनच्या कोशात हजर आहेत. हे योजून केले की कसे, हा प्रश्न गौण. चॉम्स्की यांनी जो मुद्दा एका वाक्यात मांडला तो हे साधन लक्षावधी वाक्यांत गिरवीत बसते, एवढे खरे : रचना अर्थावाचून चालू शकते.

आणखी एक गोष्ट सूक्ष्म आहे. या कोशातील नामे जवळजवळ सर्व अनेकवचनी आहेत. त्यामुळे इंग्रजी क्रियापदाचे मूळ रूप कोठेही बसते आणि वचनाच्या मेळाचा प्रश्न उद्भवत नाही. व्याकरणाचा हा एकमेव अडथळा कोशकाराने युक्तीने टाळला आहे. मराठीत अशी युक्ती चालणार नाही. लिंग, वचन, विभक्ती आणि सामान्यरूप यांतून एकही नाम सुटत नाही. ‘पवनी’चे ‘पवनीत’ सरळ होते, परंतु ‘भंडारा’चे ‘भंडाऱ्यात’ होते. मूळ शब्दाचा शेवटचा अवयवच पालटतो. हा फरक केवळ व्याकरणापुरता नाही, हे पुढे दिसेल.

तुलनेसाठी याच संस्थेची १९९२ ची ‘टीपीसी-सी’ ही कसोटी पाहावी. तेथे आडनावे आहेत, परंतु ती दहा अवयवांच्या जुळणीने बनतात. शून्यापासून नवापर्यंत प्रत्येक अंकास एक अवयव दिलेला आहे. तीन अंकी संख्या घेतली की तीन अवयवांचे आडनाव तयार. ३७१ या संख्येचे आडनाव ‘प्रायकॅलीऑट’ असे काहीसे होते. आपल्याकडील कटपयादी पद्धती याच्या उलट दिशेने चालत असे. तीत संख्या स्मरणात राहावी म्हणून ती अर्थपूर्ण शब्दात गुंफीत. येथे शब्द हवा म्हणून संख्या गुंफली आहे. हजार संख्या, म्हणून हजारच आडनावे. पोस्टग्रेस-क्यूएलबरोबर येणारे ‘पीजीबेंच’ हे साधन याहून मितभाषी आहे : गुणक १ ला एक शाखा, दहा रोखपाल, एक लक्ष खाती, आणि मजकुराच्या जागी केवळ भरताड. तेथे भाषाच नाही, म्हणून टीकेलाही अवकाश नाही.

४

परीक्षकाने दोष सांगण्यापूर्वी गुणांची पावती द्यावी, हा न्याय आहे. डीबीजेनचा पहिला गुण पुनरावृत्तीक्षमता. यदृच्छेचे बीज ठरलेले असल्यामुळे तीच आवृत्ती व तोच गुणक घेतला की भंडाऱ्यात आणि बोस्टनमध्ये अक्षर न अक्षर तीच सामग्री निघते. मोरोक्कोचा तो पहिला ग्राहक सर्वत्र मोरोक्कोचाच. दुसरा गुण प्रमाण : हवी तेवढी सामग्री, आकार ठाऊक, उत्तरे पडताळण्याजोगी. तिसरा गुण नैतिक आहे. या नोंदींत कोणाचेही खरे नाव नाही. लाभार्थ्यांच्या खऱ्या याद्या, सातबारा उतारे, आधार क्रमांक विद्यार्थ्यांच्या हाती चाचणीसाठी देणे गैर आहे. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ही जाणीव अधिक दृढ केली आहे. कृत्रिम सामग्री हा खोटेपणा नसून त्या परकीय माणसाविषयीचा संकोच आहे.

वैयाकरणांस तरी या पद्धतीला नावे ठेवण्याचा अधिकार नाही. ‘रामा आंबा खातो’ या वाक्यातील रामा कोणत्या गावचा, आंबा कोणत्या झाडाचा, हे आपण कधी विचारले नाही. नियम तपासण्यासाठी रचलेले ते वाक्य आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पर्यंत आणि पुढेही आपण उदाहरणवाक्यांवरच शास्त्र उभारले. उदाहरणवाक्य हीच वैयाकरणाची चाचणी-सामग्री होय. तिचा धोकाही आपणांस ठाऊक आहे : वाक्य रचणारा नकळत असेच वाक्य रचतो की जे त्याच्या नियमास पोषक ठरेल.

कृत्रिम सामग्रीचे हेतू भिन्न असतात, हेही विसरू नये. मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये ‘एक्सडेटा’ नावाची जी व्यवस्था विकसित झाली, तिचा हेतू वेग मोजण्याचा नाही. दिलेला प्रश्न आणि त्यात किंचित चूक असलेला प्रश्न यांची उत्तरे जेथे वेगळी पडतील, अशी छोटी सामग्री ती नेमकी शोधून देते. दहा ओळी पुरतात, पण त्या दहा ओळी विचारपूर्वक निवडलेल्या असतात. ‘पुष्कळ’ आणि ‘पुरेसे’ यांतील फरक या उदाहरणावरून स्पष्ट होतो.

५

आता दोषांकडे वळू. ते तीन आहेत, आणि तिन्हींचे मूळ एकच.

पहिला दोष समानतेचा. या वस्तीत मागण्यांच्या तारखा १ जानेवारी १९९२ पासून जवळजवळ सात वर्षांवर सारख्या पसरलेल्या आहेत. सण नाही, हंगाम नाही. आमच्या जिल्ह्यात खरिपाचे धान दिवाळीच्या सुमारास व त्यानंतर खरेदी-केंद्रांवर येते, उन्हाळी धान मे-जूनमध्ये येते. मधल्या महिन्यांत नोंदवही जवळजवळ स्वस्थ असते. ज्या व्यवस्थेस वर्षाचे बहुतेक काम थोड्या आठवड्यांत करावयाचे आहे, तिची परीक्षा बारमाही संथ पावसात घेऊन काय निष्पन्न होणार? येथे एका गोष्टीचा मात्र गौरव केला पाहिजे. ज्या ग्राहकांच्या क्रमांकास तीनने भाग जातो, त्यांची एकही मागणी नसावी असा डीबीजेनमध्ये नियम आहे. म्हणजे रचनाकारास रितेपणाचे महत्त्व कळले होते. विदर्भाच्या महसुली नोंदींत ‘रिठी’ गाव असते : नकाशावर नाव व क्षेत्र आहे, पण घर एकही नाही. हिशेबात अशा रित्या नोंदी धराव्या लागतातच. मात्र दर तिसरे गाव रिठी असत नाही. रितेपणालाही कारण असते.

दुसरा दोष स्वातंत्र्याचा, म्हणजे रकान्यांच्या परस्परांवाचून असण्याचा. वस्तूंच्या वर्णनात कथील, निकेल, पितळ, पोलाद, तांबे असे पाच धातू येतात. किंमत मात्र वस्तूच्या अनुक्रमांकावरून एका सूत्राने निघते. धातूशी तिचा संबंध नाही. ज्या भंडारा शहराची ख्याती पितळी भांड्यांसाठी आहे, तेथील कोणत्याही कासाराला हे सांगून पाहावे. ही केवळ गंमत नव्हे. डेटाबेस-व्यवस्था प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी एक अंदाज बांधते : किती ओळी सापडतील? दोन अटी असल्यास ती बहुधा त्यांचे प्रमाण गुणते. समजा, एक लक्ष नोंदींपैकी दहावा भाग एका तालुक्याचा आहे आणि शंभरावा भाग एका आडनावाचा. व्यवस्था अंदाज करील की त्या तालुक्यात त्या आडनावाच्या शंभर नोंदी असतील. परंतु ते आडनाव त्याच तालुक्यात एकवटले असेल तर नोंदी हजार निघतील. अंदाज दहापटींनी चुकला, की निवडलेला मार्गही चुकतो, आणि क्षणाचे काम मिनिटावर जाते. आपल्याकडे गाव आणि आडनाव यांचे नाते किती घट्ट असते हे सांगावयास नको. बिसेन, पटले, तुरकर, रहांगडाले ही नावे वैनगंगेच्या खोऱ्यात यदृच्छेने विखुरलेली नाहीत.

डीबीजेनच्या सामग्रीत रकाने परस्परस्वतंत्र आहेत, आणि व्यवस्थाही ते स्वतंत्र आहेत असेच गृहीत धरते. म्हणजे परीक्षार्थ्याच्या गैरसमजावरच प्रश्नपत्रिका काढलेली आहे. हा आक्षेप माझा नवा नाही. २०१५ मध्ये व्हिक्टर लाइस व त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रपटांच्या खऱ्या माहितीवर एकशे तेरा प्रश्नांची कसोटी रचून हे अंदाज किती चुकतात ते दाखविले. त्याआधी सुरजित चौधुरी व विवेक नारासय्या यांनी डीबीजेनचेच असे रूपांतर केले होते की त्यात झिफच्या नियमाप्रमाणे काही मूल्ये वारंवार व बहुतेक क्वचित यावीत. हा झिफ म्हणजे शब्दांच्या वारंवारतेचा अभ्यास करणारा आपल्याच शास्त्राचा जॉर्ज किंग्स्ली झिफ. भाषेवरून काढलेला नियम भाषाहीन सामग्री सुधारण्यास कामी आला, याची नोंद आमच्या विभागाने घ्यावी. पोस्टग्रेस-क्यूएलमध्येही २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून रकान्यांतील परस्परसंबंधांची गणना सांगून करविता येते. औषध आहे, परंतु रोग न दाखविणाऱ्या चाचणीवर विसंबणारा ते मागणार नाही.

तिसरा दोष लिपीचा. डीबीजेनचा सर्व मजकूर साध्या रोमन अक्षरांचा असून तेथे एक अक्षर म्हणजे एक बाइट. देवनागरीत प्रचलित युटीएफ-८ पद्धतीने प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. ‘भंडारा’ हा शब्द उच्चारात तीन अक्षरांचा, संगणकाच्या हिशेबी सहा चिन्हांचा आणि अठरा बाइटांचा आहे. टीपीसी-एचमध्ये ग्राहकाच्या नावाचा रकाना पंचवीसचा आहे. काही व्यवस्थांत हा आकडा चिन्हांचा मानतात, काहींत बाइटांचा. बाइटांचा मानल्यास त्यात देवनागरीची आठच चिन्हे बसतात. ‘लाखांदूर’ जेमतेम बसते. ‘रहांगडाले’ या आडनावात नऊ चिन्हे आहेत. ते बसत नाही. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात न मावलेली नावे ती हीच.

शोधाचे पाहावे. टीपीसी-एचच्या तेराव्या प्रश्नात शेऱ्यामध्ये दोन विशिष्ट इंग्रजी शब्द पाठोपाठ आलेल्या मागण्या वगळावयाच्या असतात. इंग्रजीत हे शब्द सदैव त्याच रूपात येतात, म्हणून अक्षरशः जुळणी पुरते. ‘भंडारा’ हा शब्द अक्षरशः शोधल्यास ‘भंडाऱ्यात’, ‘भंडाऱ्याचा’ ही रूपे सापडणार नाहीत. शिवाय ‘ऱ्या’ लिहिण्याचे संगणकात एकाहून अधिक मार्ग आहेत. एकात स्वतंत्र ‘ऱ’ असतो, दुसऱ्यात साध्या ‘र’नंतर हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात, यंत्रास निराळी, आणि युनिकोडचे सामान्य समीकरणही त्यांस एक करीत नाही. ‘ॲ’ची स्थिती तशीच : २००८ मध्ये युनिकोडमध्ये त्यास स्वतंत्र स्थान मिळाले, त्यापूर्वीच्या नोंदी ‘अ’वर चंद्र देऊन केलेल्या आढळतात. क्रमाचेही तेच. संकेतांकांच्या क्रमाने ‘ळ’ हा ‘ल’च्या पाठीस येतो, मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर बसतो. मराठीचा क्रम पाळावयाचा तर व्यवस्थेस अधिक काम पडते, आणि त्या कामाचा वेळ डीबीजेनच्या चाचणीत मोजलाच जात नाही.

तिन्ही दोषांचे मूळ एक आहे असे वर म्हटले. ते हे की या वस्तीस स्थळ नाही व काळ नाही. भारत हे पंचवीस राष्ट्रांपैकी एक नाव आहे, एवढेच. ज्या १९९९ साली टीपीसी-एच जाहीर झाली, त्याच वर्षी १ मे रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा निर्माण झाला. एकाच गावाच्या जुन्या नोंदी एका जिल्ह्यात व नव्या दुसऱ्यात, ही स्थिती आपल्याकडील प्रत्येक नोंदवहीस भोगावी लागते. डीबीजेनच्या जगात मागण्यांची भर पडते व त्या वगळल्याही जातात, पण सीमा हलत नाहीत. २०१२ च्या ‘टीपीसी-डीएस’ कसोटीने हंगाम आणला, विषमता आणली आणि माणसांना नावेही दिली. ती नावे अमेरिकेच्या जनगणनेतून घेतलेली आहेत. स्थळ आले, ते आपले नव्हे.

६

मग करावे काय? डीबीजेन टाकून द्यावे असे सुचविण्याचा हेतू नाही. या प्रश्नाचे उत्तर भाषाशास्त्राच्या इतिहासातच मिळते.

जॉर्ज ग्रिअर्सन यांनी भारतातील भाषांचे सर्वेक्षण हाती घेतले तेव्हा त्यांच्यापुढे हाच पेच होता. शेकडो बोलींची तुलना करावयाची तर सर्वांसाठी एकच मजकूर हवा. त्यांनी बायबलातील उधळ्या मुलाची गोष्ट निवडली व प्रत्येक बोलीत तिचे भाषांतर मागविले. मराठीस वाहिलेल्या सातव्या खंडात (१९०५) मध्यप्रांतातील बोलींच्या नमुन्यांतही ती आहे. तुलनेस ती उत्तम. परंतु भाषांतरित मजकुरात बोलीचे स्वरूप अवघडते हे ग्रिअर्सन जाणून होते. म्हणून त्यांनी दुसरा नमुना मागविला : त्या प्रदेशातीलच एखादी गोष्ट, गाणे किंवा जबानी, तेथील माणसाच्या तोंडची. तिसरा नमुना म्हणून २४१ शब्द व वाक्यांची ठरीव यादी होती. पहिला नमुना तुलनेसाठी, दुसरा सत्यासाठी, तिसरा तपासणीसाठी.

डीबीजेन ही डेटाबेसच्या जगातील उधळ्या मुलाची गोष्ट आहे. ती सर्वत्र सारखी असणे हेच तिचे काम, आणि ते ती चोख बजावते. दोष तिचा नाही. दोष आपला, की आपण दुसरा नमुना मागितलाच नाही. आणि पहिल्यावरून जो निष्कर्ष निघत नाही तो काढीत बसलो. एखादी व्यवस्था टीपीसी-एचवर वेगवान ठरली यावरून ती टीपीसी-एचवर वेगवान आहे एवढेच सिद्ध होते.

भंडारा जिल्ह्यासाठी असा दुसरा नमुना करणे आमच्यासारख्या विभागाच्या शक्तीबाहेरचे नाही. त्याची तत्त्वे अशी असावीत. गावांची नावे जनगणनेच्या प्रसिद्ध यादीतून घ्यावीत. बुद्रुक, खुर्द, रिठी या उपपदांसह, आणि सातही तालुक्यांत जी नावे पुन्हा पुन्हा येतात ती तशीच पुन्हा. नावे व आडनावे वेगवेगळ्या याद्यांतून जुळवावीत, म्हणजे एखाद्या खऱ्या व्यक्तीची नोंद जशीच्या तशी उतरणार नाही. आडनावांची वारंवारता झिफच्या धर्तीवर विषम असावी व ती तालुक्याशी बांधलेली असावी. तारखा धानाच्या हंगामाप्रमाणे दाटाव्यात. शेरे मराठी व्याकरणाने रचावेत, विभक्ती व सामान्यरूपांसह. बीज ठरलेले असावे आणि सर्व नियम उघड असावेत, म्हणजे डीबीजेनचा मुख्य गुण हातचा जाणार नाही.

राहिला एक नियम, आणि तोच सर्वांत नाजूक. आमच्या भागाची झाडीबोली ‘ण’च्या जागी ‘न’ व ‘ळ’च्या जागी ‘र’ उच्चारते. पाणी ते ‘पानी’, डोळा तो ‘डोरा’. नाव सांगणारा एका रीतीने सांगतो, लिहून घेणारा दुसऱ्या रीतीने लिहितो; एकाच गावचे ‘पिंपळगाव’ व ‘पिंपरगाव’ असे दोन लेख पडतात. नमुन्यात ही द्विरूपे ठराविक प्रमाणात असली पाहिजेत. संगणकाच्या परिभाषेत अशा नोंदींस ‘मलिन’ सामग्री म्हणण्याची प्रथा आहे. भाषाशास्त्रज्ञाने हा शब्द येथे स्वीकारू नये. टंकनाची चूक निराळी आणि बोलीचा नियम निराळा. पहिली यदृच्छेने पडते. दुसरा नियमाने चालतो, आणि नियम असल्यामुळेच तो साधनास शिकविता येतो. चाचणीत दोहोंस एकाच पेटीत टाकले, तर व्यवस्था बोलीचे रूप ‘दुरुस्त’ करावयास शिकेल किंवा ते सापडत नाही असे उत्तर देईल. खिडकीपुढे उभ्या असलेल्या शेतकऱ्यास या उत्तराचा अर्थ एकच कळतो : आपले नाव यादीत नाही.

चाचणी-सामग्री रचणारा मनुष्य, ठाऊक असो वा नसो, कोणती नावे संभवतात याचा कोश लिहीत असतो. डीबीजेनच्या कोशात कोल्हे आहेत, रणाश्व आहेत, समाधिलेख आहेत. रहांगडाले नाही. त्याची उणीव भरून काढण्याचे काम परक्या कोशकाराकडे सोपवून चालणार नाही. ज्यांस ते नाव नऊ चिन्हांचे आहे हे मोजल्यावाचून कळते, त्यांनीच ते करावयाचे आहे.